सहा थर आणि एक पटिया : तिघऱ्यावरच्या एका थंड सकाळचं प्रकरण

माझे काका ६३ वर्षांचे आहेत. बँकेतून निवृत्त झाले, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहतात, अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एक लांब नळीची लेन्स घेतली आणि तेव्हापासून हिवाळ्यातला एकही रविवार घरी काढलेला नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. म्हणजे थंडीत शरीर काय करतं हे वर्गात दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. तरीही त्या जानेवारीच्या रविवारी, त्यांच्यापासून दोनशे पावलांवर बसून, माझ्या नाकाखाली काय चाललंय ते मला तीन तास कळलं नाही. हे प्रकरण लिहून ठेवण्यामागे तेही एक कारण आहे.

आमच्या घराला शिकारीचा जुना वारसा आहे. काकांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, संस्थानच्या शिकारखान्यात होते. शिवपुरीच्या जंगलात मचाणं बांधणं, हाका घालणाऱ्यांची हजेरी ठेवणं, असलं काम. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुकीची शिकार संपली. शिंद्यांचं ते शिकारीचं रान आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि मार्च २०२५मध्ये व्याघ्र प्रकल्पही झालं. घरात उरली ती एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात रुईची बंडी, पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या आणि काकांच्या तोंडी एक वाक्य, जे ते दर दिवाळीनंतर ऐकवतात : "आजोबा म्हणायचे, जाताना कुडकुडत जा, बसल्यावर पांघर." हे वाक्य लक्षात असू द्या. ज्याला ते पाठ होतं त्यानंच ते पाळलं नाही, कारण जॅकेट नवं होतं.

जागा आणि दिवस

तिघरा धरण ग्वाल्हेरहून वीस-बावीस किलोमीटरवर, सांक नदीवर आहे. हिवाळ्यात तिथे सुर्खाब, सीखपर ही बदकं आणि नशीब असेल तर पट्टकादंब उतरतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, आपल्याकडे ती १९८७पासून चालू आहे. त्या रविवारी आम्ही चौघं गणनेच्या तयारीला म्हणून गेलो होतो : काका, मी, दलबाजारातले त्यांचे एक स्नेही आणि मुरारहून आलेला कॉलेजातला एक मुलगा. मोजणी आम्ही तिघं दुर्बिणीतून करणार, काका पाण्याच्या काठाला कापडी आडोसा लावून फोटो काढणार, अशी वाटणी होती.

आदल्या रात्रीपासून कोहरा, म्हणजे दाट धुकं, होता. आमच्या गच्चीवरचा तापमापक पहाटे पाच अंश दाखवत होता. पाण्याजवळ त्याहून एखादा अंश कमी असणार. चार अंश म्हणजे काही लडाख नव्हे, असं तेव्हा मीच म्हणाले होते. पण ग्वाल्हेरच्या थंडीची खोड आकड्यात दिसत नाही. कोहऱ्यात हवा पाण्यानं गच्च भरलेली असते, लोकर-कापूस सगळं थोडं थोडं दमट होतं आणि सूर्य अकरापर्यंत तोंड दाखवत नाही. कोरड्या थंडीत उन्हाचा जो हात पाठीवर पडतो, तो इथे नसतो.

काय घडलं

पहाटे पाचला लश्करहून निघालो. काकांनी घरातूनच सगळं चढवलं होतं. आतून बाहेर असे सहा थर : सुती बनियान, थर्मल इनर, फ्लॅनेलचा शर्ट, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि मेळ्यातून घेतलेलं नवं फुगीर जॅकेट. खाली थर्मल आणि जाड पँट, पायात मोज्यांचे तीन जोड, वर नेहमीच्याच मापाचे बूट. कानटोपी, मफलर. काकूंनी निघताना त्यांच्याकडे बघून "एव्हरेस्टवर निघालात का?" असं विचारलं आणि काका खूश झाले.

गाडीत हीटर पूर्ण चालू होता, पाऊण तास. मग गाडी ठेवून काठाकाठानं दीड किलोमीटर चाल. पाठीवर नऊ किलोची कॅमेऱ्याची बॅग, खांद्यावर तिपाई, अंधार, खडबडीत वाट. पस्तीस मिनिटं लागली. पोचल्यावर काकांच्या कपाळावर घाम होता आणि चष्म्यावर वाफ. "बघ, मला थंडी वाजतच नाही," असं ते म्हणाले. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सहा वीसला ते आडोशात बसले. बसायला एक दगडी पटिया होता. आपल्याकडच्या वालुकाश्माच्या सपाट फरशीला इथे पटिया म्हणतात, अर्ध्या शहराची छपरं त्याचीच आहेत. त्यावर पोतं घडी करून टाकलं. पायांखाली ओली माती.

पावणेआठला माझा मोबाइलवर निरोप, "ठीक?" त्यांचं उत्तर, "ठीक." साडेआठला पुन्हा तेच. या वेळी उत्तरात फक्त एक अंगठा आला. मी समाधानानं सुर्खाब मोजत राहिले. नऊला फोन केला तर उचलला नाही. नऊ दहाला मी आडोशाचं कापड उचललं.

काका कॅमेऱ्याशी झटत होते. बॅटरीचं झाकण उघडायचं होतं आणि बोटं त्या खाचेत बसत नव्हती. दोन बॅटऱ्या 'संपल्या' होत्या. खरं तर त्या संपल्या नव्हत्या, गारठ्यात लिथियम बॅटरी तात्पुरती मान टाकते आणि खिशात ऊब मिळाली की पुन्हा चालते. हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण त्या क्षणी आठवलं नाही. अंग थडथडत होतं, दात वाजत होते. दोन बोटं पेरापर्यंत पांढरीफटक, जणू कोणी रेघ मारून रंग काढून घेतला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काही नाही, तू जा, पक्षी उडतील." ते वाक्यही नीट आलं नाही. 'पक्षी'वर जीभ अडखळली. आणि मग माझ्यावर चिडले. काका माझ्यावर कधीही चिडत नाहीत.

तिथल्या तिथे

पहिला प्रश्न होता, किती गंभीर? शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. ३२ ते ३५ ही सौम्य पायरी. तिथे माणूस जोरात थडथडतो, चिडतो, चाचरतो, हातून वस्तू पडतात, पण शुद्धीवर असतो. त्याखाली थडथड थांबते आणि ते बरं झाल्याचं लक्षण नसतं. काका थडथडत होते, आधार घेऊन उभे राहिले, स्वतःचा पत्ता सांगितला. म्हणून दवाखान्याऐवजी आधी गाडी, असं ठरवलं. थडथड थांबून गुंगी आली असती किंवा चालता आलं नसतं, तर क्षणभरही तिथे न थांबता आडवं ठेवूनच न्यावं लागलं असतं.

चाल सुरू करण्याआधी कोहऱ्यातच त्यांचे वरचे थर उतरवले. मुलगा म्हणाला, "ताई, आणखी गारठतील ना!" पण आतली बनियान हाताला लागली तेव्हा तोही गप्प झाला. पाठीवर आणि काखेत ती पिळण्याइतकी नसली तरी सरळ सरळ ओली होती. इनरही दमट. दोन्ही काढले, मफलरनं अंग पुसलं, मुलानं स्वतःचा कोरडा स्वेटर दिला, वर त्यांचंच जॅकेट आणि बाहेरून शाल.

आता सल्ले सुरू झाले. स्नेह्यांच्या खिशात छोटी बाटली होती, "एक घोट ब्रँडी द्या, लगेच गरम होतील." गरम वाटतं हे खरं आहे. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली ऊब बाहेर येते आणि वाऱ्यावर जाते. थडथडही मंदावते. म्हणजे ज्या भट्टीवर शरीर तगून आहे तिचाच भाता बंद करायचा. काठावर अलाव पेटवून बसलेला मासेवाला म्हणाला, "बिटिया, आंच पे बिठा दो इन्हें." माणुसकीनंच म्हणाला तो. पण अकरा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाच्या सुन्न पायांना निखाऱ्याजवळ चटका बसला तरी कळत नाही. हात चोळायलाही मी मनाई केली. पुढे स्नेह्यांनी गाडीत असंही सुचवलं, की पुढच्या वेळी आडोशात एक घमेलंभर निखारे ठेवू. त्यावर मी जरा जास्तच बोलले. दर हिवाळ्यात उत्तरेकडे बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. चारी बाजूंनी कापड लावलेला आडोसा म्हणजे खोलीच.

गाडीत हीटर लावल्यावर काखेत डिजिटल थर्मामीटर ठेवला : ३४.८. या आकड्यावर मी फार विसंबत नाही. कातडी गार असली की काखेतलं माप खाली येतं. पण काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर असता तर तो याहूनही निरुपयोगी ठरला असता, कारण त्यावरचे आकडे ३५पासूनच सुरू होतात. मग, जरा उशिरानंच, मला दुसरी शंका आली. काकांच्या बॅगेत ग्लुकोमीटर असतो. बोटं कोमट झाल्यावर तपासलं. साखर ६८, म्हणजे उतरलेली.

"सकाळी काय खाल्लंत?"

"चहा."

"आणि गोळी?"

"ती घेतली ना, पाचला. रोजची सवय."

ग्लायमेपिराइड. साखर उतरवणारी, न्याहारीबरोबर घ्यायची गोळी, न्याहारी न करता. बॅगेतली तिळाची गजक आधी दिली, मग साखर घातलेला गरम चहा. पंचवीस मिनिटांत थडथड ओसरली, पन्नास मिनिटांत बोटांना रंग आला. येताना त्या बोटांना मुंग्या आणि कळा आल्या, तेव्हा काकांनी मुलाला सांगितलं, "आता कळतंय की ती माझीच आहेत." दुपारी घरी आमटी-भात खाऊन ते रजाईत झोपले. काकूंना आम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी त्यांनी स्वतः काढून घेतली.

सहा थर असून माणूस गारठला कसा

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण सगळ्यांनी काढलेला पहिला निष्कर्ष 'अजून एक स्वेटर हवा होता' असा होता. तो चुकीचा आहे. दोन स्वेटर कमी असते तर काका कमी गारठले असते.

स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता तयार करतो, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. तोच माणूस ओझं घेऊन चढावर चालतो तेव्हा चारशेच्या पुढे जातो. म्हणजे चालणारा आणि बसणारा ही उष्णतेच्या हिशेबात दोन वेगळी माणसं आहेत आणि त्यांना एकाच कपड्यात कोंबता येत नाही. काकांनी बसणाऱ्याचे कपडे घालून चाल केली. जादा उष्णता कुठून तरी बाहेर पडायलाच हवी, ती घामावाटे पडली आणि घाम सहा थरांखाली अडकला.

किती घाम? हे मला आकड्यात हवं होतं. पुढच्या शनिवारी काकांना तेच सहा थर घालून, तीच बॅग देऊन, पहाटे शिंदे की छावनीच्या बाजूला पस्तीस मिनिटं फिरवलं. हे मागताना मला थोडी लाज वाटली, पण ते उत्साहानं तयार झाले. बनियान स्वयंपाकघरातल्या काट्यावर निघण्याआधी १४२ ग्रॅम होती, परत आल्यावर १९८. छप्पन्न ग्रॅम पाणी एकट्या बनियानीत, इनरमधलं वेगळं. एक ग्रॅम पाणी अंगावर सुकायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खातं. छप्पन्न ग्रॅम म्हणजे १३५ किलोज्यूल. ते दोन तासांत सुकलं असं धरलं तर सतत एकोणीस वॅटची गळती होते. हा वरच्या मर्यादेचा हिशेब आहे, कारण सगळी वाफ अंगाच्याच उष्णतेनं होते असं नाही. पण ज्याची मिळकत शंभर आहे त्याच्या खिशातून इतकी रक्कम नुसत्या बनियानीनं काढावी, हे मला भारी वाटलं. शिवाय ओला कापूस अंगाला चिकटतो, मधली हवा जाते आणि पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं पळते. लोकर ओली झाली तरी तिचे तंतू फुगीर राहतात, अडकलेली हवा टिकते. कापसाची अब्रू पाण्यानं जाते.

दुसरी गळती खालून होती. आपण थंडी वरून पडते असं बोलतो, म्हणून टोपी, मफलर, शाल सगळं वर. डोक्यातून अर्धी उष्णता जाते ही समजूतही त्यातलीच. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा आहे आणि उघडं असेल तर साधारण त्याच प्रमाणात ऊब घालवतं. टोपी हवीच, पण तिच्या भरवशावर दगडावर बसू नये. बैठकीखाली कपडे दाबले जातात. फुगीर जॅकेटमधली हवा, पँटमधली हवा, पोत्यातली हवा, सगळी वजनाखाली चिरडली जाते. उरतो पाच अंशांचा पटिया आणि मधे बोटभरही नसलेलं दाबलेलं कापड. माझा कागदावरचा अंदाज असा, की तिथून वीस ते तीस वॅट जात होते. दोन सेंटिमीटर जाडीचा, दाबल्यावर चपटा न होणारा फोम मधे घातला तर हा आकडा पाच-सहावर येतो. सहा थरांपैकी एकही थर त्यांच्या बुडाखाली नव्हता. कमरेखाली एक थर्मल आणि एक पँट, एवढंच.

तिघरा धरणाची हकिगत इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९१६ला पुरं झालं आणि दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १९१७मध्ये, फुटलं. भिंत भक्कम होती, माथ्यावर विश्वेश्वरय्यांच्या रचनेचे आपोआप उघडणारे दरवाजे होते. पाणी शिरलं पायाखालच्या वालुकाश्मात. काकांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझंही धरणासारखंच, पटियानं दगा दिला."

पायांचं कारण वेगळं आणि साधं. नेहमीच्या मापाच्या बुटात तीन मोजे घातले की मोज्यांतली हवा दाबली जाते आणि पायाच्या रक्तवाहिन्याही. दोन्ही बाजूंनी नुकसान. त्यात मेटोप्रोलॉलच्या गटातल्या गोळ्यांनी हातपाय गार पडतात, हे ती लिहून देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि रुग्णाला क्वचितच सांगितलं जातं.

राहिली साखर. थडथडणं म्हणजे स्नायूंची मजुरी, तिला इंधन लागतं. रक्तातली साखर उतरली की शरीर थडथड आवरतं घेतं आणि माणूस लवकर गारठतो. वर आणखी एक गुंता : साखर उतरल्याची लक्षणं म्हणजे कापरं, चिडचिड, चाचरणं. गारठ्याची लक्षणंही तीच. साखर उतरताना छातीत धडधडतं, तो इशारा मेटोप्रोलॉल दाबून टाकतं. काकांचं चिडणं पन्नास टक्के थंडीचं होतं की साखरेचं, हे मी आजही सांगू शकणार नाही. ते वेगळं काढायची गरज तिथे नव्हती, तपासायची होती. मी वीस मिनिटं उशिरा तपासलं.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गारठ्यात रक्त आत ओढलं जातं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालंय आणि लघवीला वारंवार लागते. काका पहिल्या तासात दोनदा उठले. मग पक्षी बिचकतील म्हणून त्यांनी थर्मासमधला चहा पिणंच बंद केलं. थर्मास भरलेला परत आला.

आजोबांचं वाक्य अमलात

मचाणावरच्या शिकाऱ्याची अडचण काकांसारखीच होती. हलता येत नाही, विस्तव करता येत नाही, तासन्तास बसायचं. मचाण बहुधा खाटेचं असे. खाटेखालून वारा खेळतो, त्यामुळे तिथेही थंडी खालूनच येते आणि नुसतं पांघरूण घेऊन भागत नाही, अंथरूणही तितकंच लागतं. अमेरिकेत हरणांच्या मोसमात झाडावर बसणारे शिकारीही जाड कोट बॅगेला बांधून नेतात आणि जागेवर पोचल्यावर चढवतात. पणजोबांना अमेरिका ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. थंडी सगळीकडे एकच भाषा बोलते.

पंधरा दिवसांनी पुन्हा तिघरा. पहाटे गच्चीवर सहा अंश, कोहरा तसाच.

या वेळी गाडीचा हीटर बंद. काकांच्या अंगावर लोकरी बनियान, शर्ट आणि अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, बस. बाकी सगळं बॅगेत. पहिली दहा मिनिटं ते कुडकुडत, मला नावं ठेवत चालले. वेगही मुद्दाम कमी ठेवला, पस्तीसऐवजी पन्नास मिनिटं. पोचल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहणं, मान आणि पाठ पुसणं, बनियान आणि मोजे बदलणं. उघड्यावर चार अंशांत बनियान बदलणं हा या सगळ्यातला सर्वांत नावडता भाग आहे आणि काका दर वेळी तो टाळायला बघतात. मग पूर्ण स्वेटर, फुगीर जॅकेट, आणि त्यावर काकूंचा जुना रेनकोट फाडून केलेलं वारं अडवणारं कवच.

पटियावर आधी पेंढ्यानं भरलेलं पोतं, वर जुन्या योगाच्या चटईचे चार तुकडे एकावर एक. पायांखालीही तीच चटई. बूट एक नंबर मोठे, त्यात लोकरी मोज्यांचा एकच जोड आणि नमद्याचा तळवा. बोटं आत हलली पाहिजेत, ही बूट घेतानाची एकमेव अट होती. दुकानदार "बाबूजी, ढीला है" म्हणत राहिला. हातात पातळ मोजा आणि वर चार बोटं एकत्र राहतील असा जाड. रबरी पिशवीत गरम पाणी, टॉवेलमध्ये गुंडाळून, मांड्यांवर. पायाशी नाही, पोटाला चिकटवून नाही. लोखंडाचा भुगा गंजताना निघणाऱ्या उष्णतेवर चालणारी पुडकी आता ऑनलाइन मिळतात, ती मुलानं आणली होती. त्यांना हवा लागते, घट्ट बुटात कोंबली तर ती विझल्यासारखी होतात. काकांच्या पायात ती ठेवायला मी हो म्हटलं नाही. त्यांना चटका कळणार नाही आणि मला त्यांचा पाय हवा आहे.

गोळीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ज्या दिवशी बाहेर जायचं त्या दिवशी ती न्याहारीबरोबरच, न्याहारी नाही तर गोळी नाही, असं त्यांनी ठरवून दिलं. मेटोप्रोलॉल त्यांनी बदललं नाही, रक्तदाबासाठी ते चालू राहणार. म्हणून साडेचारला मेथीचा पराठा, बसल्यावर तासातासानं तिळाचा अर्धा लाडू, आणि निघताना व मधे एकदा साखर तपासणं.

माझ्या बाजूनं एकच बदल. 'ठीक?' हा प्रश्न बाद. गारठलेला माणूस 'ठीक' म्हणायला सगळ्यात शेवटपर्यंत समर्थ असतो. त्याऐवजी अर्ध्या तासानं फोन, आणि काकांनी आधीच्या अर्ध्या तासात काय काय दिसलं ते पूर्ण वाक्यात सांगायचं. सांगताना अंगठा करंगळीला टेकवायचा. गिर्यारोहक वापरतात ती ही चाचणी. टेकला नाही की उठायचं, चर्चा नाही. शिवाय दर दहा मिनिटांनी, न हलता, मांड्या आणि पोटऱ्या आवळून धरायच्या. आडोसा हलत नाही, पण भट्टी थोडी पेटते.

साडेसहा ते दहा, साडेतीन तास बसले. थडथड नाही. थर्मास रिकामा आला, त्यासाठी दोनदा उठले आणि पक्षी काही त्यामुळे देश सोडून गेले नाहीत. साखर ११२. बोटं गार होती पण पांढरी नव्हती. पाय मात्र तिसऱ्या तासाला दुखायला लागले, त्यावर माझ्याकडे अजून पुरता इलाज नाही. मधे एकदा उठून पन्नास पावलं चालणं हाच आहे आणि तो काकांना मान्य नाही.

फोनवरच्या त्या पूर्ण वाक्यांचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. आठच्या फोनवर काका सांगत होते, समोरचं सुर्खाब एका पायावर उभं आहे, दुसरा पिसांत. मी म्हटलं, त्याच्या पायात खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त शेजारून वाहतं, ऊब वाटेतच परत घेतली जाते, म्हणून बर्फगार पाण्यातही त्याचं भागतं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "त्याला मेटोप्रोलॉल नाही ना." वाक्य पूर्ण, जीभ कुठेही अडखळली नाही. मी वहीत 'ठीक' असं लिहिलं.

पावणेदहाच्या सुमारास कोहरा जरा विरळ झाला आणि डावीकडून आवाज आला. अकरा पट्टकादंब, खाली, इतके खाली की डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दुर्बिणीशिवाय दिसत होत्या. आडोशासमोर पंचवीस पावलांवर ते पाण्यात उतरले. मी कॅमेऱ्याची खटखट ऐकायला कान लावले. काहीच नाही. तीन-चार मिनिटांनी थवा पलीकडे सरकला आणि फोन वाजला.

"दिसले?" मी विचारलं.

"दिसले," काका म्हणाले. "मोजे बदलत होतो."